गेटच्या आतली जबाबदारी: लहान कारखान्यानं समाजाचं देणं नेमकं कुठं फेडायचं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्यातल्या एखाद्या फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, पुण्याकडच्या मोठ्या कंपनीची कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ऑर्डर मिळते आणि ऑर्डरच्या पाठोपाठ हल्ली एक प्रश्नावली येते. पन्नास-साठ प्रश्न असतात. त्यात एक हमखास असतो: तुमचा कारखाना समाजासाठी काय करतो? मालक मनापासून लिहितो: शाळेत वह्या वाटल्या, रक्तदान शिबिर घेतलं, गणेशोत्सवाला वर्गणी दिली, देवळाच्या जीर्णोद्धाराला हातभार लावला. मग पुढचे प्रश्न येतात. गेल्या वर्षी अपघात किती झाले? फेटलिंगवाल्यांच्या (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांच्या) छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? ओव्हरटाइम कुठल्या दरानं देता? वापरून झालेली वाळू कुठं टाकता? जॉबवर्कवाल्याचं (बाहेरून काम करून देणाऱ्याचं) बिल किती दिवसांत भागवता? इथं पेन अडतं.

वह्या वाटणं चांगलंच, ते चालू ठेवावं. पण प्रश्नावली पाठवणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते असं की, माल तयार होताना कुणाच्या अंगावर काय पडलं. कामगाराच्या फुफ्फुसावर, शेजारच्या शिवारावर, चार-चार महिने उधारीवर बसलेल्या जॉबवर्कवाल्यावर. लहान आणि मध्यम उद्योगाची सामाजिक जबाबदारी बहुतेक सगळी इथंच, गेटच्या आत आणि गेटच्या आसपास असते.

दोन टक्क्यांचा कायदा आपल्याला लागतो का?

'सीएसआर', म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हटलं की नफ्याच्या दोन टक्के, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. ते येतं 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 मधून, जे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला, तरच ते लागतं. तेही नोंदलेल्या कंपनीला. मालकीच्या किंवा भागीदारीतल्या धंद्याला नाही. आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या, हायड्रॉलिक्सचे कारखाने, काजू कारखाने, यंत्रमाग आणि गुऱ्हाळं या रेघेच्या फार खाली आहेत. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर तो सूक्ष्म उद्योग, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु, 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंत मध्यम.

त्याच कायद्यातली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. फक्त आपल्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. कामगाराला मास्क दिला, संडास बांधला, त्याचा विमा उतरवला तर कायद्याच्या भाषेत तो 'सीएसआर' नव्हे, ते मालकाचं साधं कर्तव्य. मोठ्या कंपनीसाठी हे ठीक आहे. पण यातून लहान उद्योजकांचा असा समज झाला की जबाबदारी म्हणजे बाहेर वाटलेला पैसा, आणि हा समज नुकसानीचा आहे.

अमेरिकेतले अभ्यासक आर्ची कॅरोल यांनी 1991 मध्ये या जबाबदारीचा चार पायऱ्यांचा मनोरा मांडला: तळाला धंदा नफ्यात चालवणं, त्यावर कायदा पाळणं, त्यावर नीतीनं वागणं आणि सगळ्यात वर दानधर्म. विकसनशील देशांचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की इथं पायऱ्यांची अदलाबदल झालेली असते. नफ्याच्या खालोखाल दान येतं, कायदा त्याच्यानंतर. त्याची कारणं आहेत. सरकारी शाळेला छप्पर नसतं, गावातला कमावता माणूस म्हणून मालकाकडंच बोट दाखवलं जातं, आणि तपासणीला येणारा माणूस क्वचित येतो. दानाचा फलक लागतो, सत्कार होतो. वेळेवर भरलेल्या ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) सत्कार कुणी करत नाही.

चौकट हवीच असेल तर 2010 साली आलेलं 'आयएसओ 26000' हे मार्गदर्शन वापरावं. त्यात सात विषय आहेत: कारभार, मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, व्यवहारातला सरळपणा, ग्राहक आणि आसपासची वस्ती. हे फक्त मार्गदर्शन आहे, त्याचं प्रमाणपत्र नसतं. 'आयएसओ 26000 चं सर्टिफिकेट काढून देतो' असं सांगत कुणी कन्सल्टंट आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

धूळ

फौंड्रीत सगळ्यात मोठं देणं धुळीचं असतं. साच्याची वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. साचा फोडताना, वाळू चाळताना आणि सगळ्यात जास्त फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरनं काढताना, तिचा भुगा उडतो. डोळ्यांना दिसणारी, कपड्यांवर बसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी. ती नाकात अडते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती 5 मायक्रॉनहून बारीक धूळ. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. ही धूळ तासन् तास हवेत तरंगते, आणि दिसत नाही म्हणून 'आज धूळ कमी आहे' असं वाटतं. तिच्यामुळं सिलिकोसिस होतो. फुफ्फुसात गाठी होतात, दम लागतो, क्षयरोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. हा रोग उलटत नाही. काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. बहुधा दहा वर्षांनंतर दिसतो आणि तेव्हा क्षय समजून औषधं सुरू होतात, कारण डॉक्टरला कुणी सांगितलेलंच नसतं की हा माणूस ग्राइंडरवर होता.

आपल्याकडं यावरचा उपाय म्हणजे तोंडाला बांधलेला टॉवेल किंवा सुती रुमाल. तो या धुळीला जवळजवळ अडवतच नाही. कापडाच्या धाग्यांमधली भोकं त्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. भिजवलेला रुमालही तसाच.

उपायांना एक क्रम आहे आणि तो उलटा लावला की पैसे वाया जातात. आधी धूळ उडूच नये अशी तजवीज करायची: कास्टिंग फेटलिंगला जाण्याआधी शॉट ब्लास्टिंगच्या (बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्यानं साफ करणाऱ्या) बंद पेटीतून नीट काढलं तर निम्मं काम तिथंच होतं. साच्याचं कोटिंग बरं असेल तर वाळू जळून चिकटतेच कमी. म्हणजे दर्जाची सुधारणा हीच आरोग्याचीही सुधारणा. मग उडालेली धूळ जागेवरच ओढून घ्यायची. इथं एक चूक फार होते. एक्झॉस्टचा पंखा भिंतीत वर बसवतात आणि कामगार खाली बसलेला असतो. ती धूळ आधी त्याच्या नाकासमोरून जाते, मग पंख्याकडं. ओढणाऱ्या नळीचं तोंड ग्राइंडिंगच्या जागेला अगदी चिकटून हवं. नळीच्या तोंडाचा जेवढा व्यास, तेवढ्या अंतरावर गेलं की ओढ जवळजवळ दहाव्या हिश्शावर येते. सहा इंची नळी सहा इंच लांब धरली की ती शोभेची झाली.

तिसरी गोष्ट झाडूची. शिफ्ट संपताना कोरड्या झाडूनं शेड झाडणं आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरचे कपडे झटकणं या दोन सवयी आणखी बरीच धूळ छातीत घालतात. झाडण्याआधी पाणी शिंपडावं, जमलं तर व्हॅक्यूम वापरावा. पण भट्टी आणि ओतकामाच्या पट्ट्यात पाणी मुळीच नको. त्याचं कारण खाली येईल.

मास्क शेवटचा. एन-95 किंवा त्याच्या तोडीचा, दोन पट्ट्यांचा. एक पट्टी मानेवर, एक डोक्यावर. दोन्ही मानेवर घेतल्या की हनुवटीकडून फट राहते. दाढी असेल तर तो बसतच नाही. श्वास घ्यायला जड जायला लागलं, आतून मळला किंवा पट्टी सैल झाली की बदलायचा. महिन्याला एक असा हिशेब धरून वाटलेले मास्क दुसऱ्या आठवड्यापासून कामाचे राहत नाहीत. आणि फेटलिंगच्या प्रत्येक माणसाचा कामावर घेतानाच एक एक्स-रे काढून ठेवावा. पुढं त्याच्याशी ताडून पाहता येतं. तो नसेल तर दहा वर्षांनी काहीच सिद्ध करता येत नाही, ना कामगाराला, ना मालकाला.

ग्राइंडरपाशी आहोतच तर आणखी दोन गोष्टी. बसक्या ग्राइंडरला टेका (ज्यावर काम टेकवतात तो) आणि चाक यांतली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढते, त्यात तुकडा अडकतो आणि चाक फुटतं. आणि नवं चाक बसवण्याआधी ते मधल्या भोकात बोट घालून टांगतं धरावं आणि लाकडी मुठीनं हलकं वाजवावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चीर आहे, फेकून द्यावं.

पाणी आणि रस

इंडक्शन भट्टीतल्या, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीतल्या, अपघाताचं कारण बऱ्याच वेळा ओलावा असतो. पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1,700 पट जागा मागते. वितळलेल्या धातूच्या रसाखाली कपभर पाणी सापडलं तर तो रस छपराला लागतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस सोडत नाही आणि स्क्रॅप शेडबाहेर उघड्यावर पडलेलं असतं. पाइपाचे बंद तुकडे, डबे, पोकळ भाग यांत पाणी साचतं ते वरून दिसत नाही. पावसाळ्याचं स्क्रॅप किमान एक दिवस छपराखाली, शक्यतो भट्टीच्या उष्णतेजवळ सुकवून मगच भट्टीत घालावं. बंद तोंडाचे तुकडे कापून किंवा चेपून घ्यावेत. लेडल (रस ओतायचं भांडं) प्रत्येक वेळी तापवून घ्यावी. ओतकामाच्या वाटेवर पाण्याचा नळ, कूलर, गळकं छप्पर, यांपैकी काही असेल तर आधी ते हलवावं.

एखादं बोट भाजलं, थेंब बुटात गेला, असं 'थोडक्यात वाचलो' म्हणून सोडून दिलं जातं. एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, वेळ, कुठं, काय झालं, काय बदललं. चार महिन्यांत एकाच जागेचं नाव चौथ्यांदा आलं की ती जागा पुढचा मोठा अपघात सांगत असते. ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही इमारत 24 एप्रिल 2013 ला कोसळली आणि 1,100 हून जास्त माणसं गेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कपडे कारखान्यांनी माल वेळेत जायला हवा म्हणून कामगारांना आत बोलावलं. डिस्पॅचची तारीख आणि भेग यांच्यात निवड करायची वेळ लहान कारखान्यावरही येते, फक्त ती बातमी होत नाही.

पगाराचा हिशेब, आकड्यांत

एक साधं उदाहरण घेऊ. कामगाराचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये, 26 दिवस, 8 तास. म्हणजे दिवसाला 600, तासाला 75. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे तासाला 150. 'दोन तास थांब, दोन तासांचे पैसे देतो' यात कामगाराचे निम्मे पैसे जातात.

कारखान्यात 10 किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागतो, ज्यांचं वेतन महिना 21,000 पर्यंत आहे त्यांना. कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के, आपल्या उदाहरणात 117 आणि 507 रुपये. यात कामगाराच्या कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन आणि कामावर अपघात झाला तर 90 टक्के वेतन मिळतं. ईएसआय नसेल तर अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून. महिन्याचे 507 वाचवून एका हाताची भरपाई डोक्यावर घेणं हा व्यवहार म्हणूनही खोटा आहे. 20 माणसांवर भविष्य निर्वाह निधी (पीएफ) लागतो, दोन्ही बाजूंनी 12-12 टक्के.

ग्रॅच्युइटीनं मात्र अनेक मालकांची झोप उडते, कारण ती एकदम समोर येते. सूत्र असं: शेवटचं वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 15,600 वर एका वर्षाचे 9,000. आठ वर्षांचे 72,000. हेच महिन्याला 750 रुपयांप्रमाणे वेगळ्या खात्यात टाकत गेलं तर माणूस निघताना भांडण होत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी दाखवून पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवण्याची वाटही बंद झाली आहे.

हे टाळायला एकाच शेडमध्ये भावाच्या आणि बायकोच्या नावावर दोन फर्म काढायच्या आणि दोन्हीकडं माणसं मर्यादेच्या आत ठेवायची, ही जुनी युक्ती. वीज मीटर एक, मेस्त्री एक, कच्चा माल एक असेल तर पीएफ खातं दोन्ही मिळून एकच आस्थापना धरतं आणि मागची सगळी रक्कम व्याजासह मागतं.

किलोवर मिळणारी मजुरी

खानापूर आणि सीमेपलीकडच्या चंदगड भागातल्या काजू कारखान्यांत, निपाणीच्या बिडी कामात मजुरी नगावर किंवा किलोवर असते. यात एक सापळा आहे. काजूच्या टरफलातल्या तेलानं कातडी जळते, बोटं काळी पडतात, सालं निघतात. मालक हातमोजे आणून देतो आणि आठवड्याभरात ते खुंटीला टांगलेले दिसतात. सुपरवायझर म्हणतो, बायका ऐकत नाहीत. पण जाड मोज्यात बी नीट पकडता येत नाही, वेग कमी होतो, किलो कमी होतात, पैसे कमी होतात. म्हणजे सुरक्षिततेचा खर्च तिच्या मजुरीतून वसूल होतोय. बोटांना नेमक्या बसणाऱ्या पातळ मोज्यांचे दोन-तीन प्रकार त्याच बायकांकडून आठवडाभर वापरून निवडून घ्यावेत, हाताला तेल लावायला आणि मोजे बदलायला वेळ धरावा, आणि त्या वेळाचे पैसे दरात मिळवावेत. ते केलं तर मोजे खुंटीवर जात नाहीत.

दर ठरवायची रीतही साधी आहे. सगळ्यात चपळ बाईला घड्याळ लावून दर काढू नये. वेगवेगळ्या वेगाच्या पाच-सहा जणींचं पूर्ण आठ तासांचं काम तोलावं आणि मधला आकडा घ्यावा. समजा दिवसाचं किमान वेतन 450 रुपये आणि मधल्या वेगाची सोलाई 9 किलो, तर किलोला 50 रुपयांच्या खाली दर जाऊच शकत नाही. बी लहान आली, जास्त वाफवली गेली किंवा ओली राहिली की किलो घटतात. त्या दिवशीचा दर वेगळा हवा, कारण चूक वाफवणाऱ्याची असते आणि घट सोलणारीची. बिडीत हेच 'छाट'च्या, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्यांच्या, रूपात येतं. पानं कमी आणि खराब द्यायची, मग बिड्या छाटात काढायच्या, आणि छाटलेल्या बिड्या परत न देता ठेवून घ्यायच्या. छाट तिच्यासमोर काढावी, मोजावी, कार्डावर लिहावी, आणि ज्याची मजुरी दिली नाही तो माल ठेवून घेऊ नये. एवढंही पुरेसं आहे.

उचलीबद्दल. वीटभट्टी असो, ऊसतोड असो की यंत्रमाग, आगाऊ पैसे देणं ही गरज आहे. पण उचल डायरीत फक्त मालकाच्या अक्षरात असेल, तिच्यावर व्याज चढत असेल, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडं जाता येत नसेल, तर 1976 च्या कायद्यानं ती वेठबिगारी ठरते. दोन प्रतींत लिहा, एक त्याच्याकडं द्या, दर महिन्याची कपात ठरवून टाका.

यंत्रमागाच्या खोल्यांबद्दल थोडक्यात: वडगाव, शहापूर, खासबागेत माग घरातच असतो, म्हणून आवाज पोराबाळांच्याही कानात जातो. आपल्याकडची मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल, 95 ला 4 तास आणि 100 ला 2 तास. दोन हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मर्यादा ओलांडली असं धरून चाला. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवले तर उपयोग नाही.

बायका कामावर असतील तर

2013 च्या कायद्यानं 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. लहान कारखान्यात ही समिती कागदावर असते आणि अध्यक्षपदी मालकाची पत्नी असते. तक्रार मालकाच्या भावाविरुद्ध किंवा लाडक्या मेस्त्रीविरुद्ध असेल तर कोण जाणार तिथं? बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा घ्या आणि त्याचा फोन नंबर बायकांच्या संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं एकटीला वाचता येतो. 10 पेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. तक्रार करायची मुदत साधारण तीन महिन्यांची. संडासाला आतून कडी आणि पाणी नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि लघवीचा जंतुसंसर्ग हा त्या कारखान्याचा न नोंदलेला आजार होतो.

सुधारणाही अंधपणानं करू नये. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणाऱ्या मुलांवरून जगभर ओरड झाली आणि 1997 मध्ये अटलांटा करार झाला. शिवण घरांतून केंद्रांत हलवली गेली, देखरेख सोपी झाली. पण घरात राहून शिवणाऱ्या अनेक बायकांना केंद्रापर्यंत जाणं जमेना आणि त्यांचं काम गेलं. आपल्याकडं घरकाम बंद करून सगळ्यांना शेडमध्ये बोलावण्याआधी त्यांना येण्याजाण्याचं काय, लेकरांचं काय, हे विचारून घ्यावं.

वाळू, सांडपाणी आणि शेजार

पाण्याला सीमा नसते हे आपल्याइतकं कुणाला कळणार? पंचगंगेत सोडलेलं घाण पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येतं आणि पुढं चिकोडी, रायबाग, अथणीकडं जातं. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नदीची वाट लावली तेव्हा जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शेकडो युनिटं बंद करायला लावली. जे लहान होते त्यांतले बरेच पुन्हा उभेच राहिले नाहीत. प्रक्रियेचा खर्च टाळला की तो असा एकरकमी येतो.

फौंड्रीच्या वाळूचं पहिलं सूत्र: मिसळू नका. हिरवी वाळू, म्हणजे बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी घातलेली, आणि रेझिनच्या कोअरची (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची) वाळू एका ढिगात गेली की दोन्ही वाया. रेझिनच्या वाळूत फिनॉल राहतं, ते पावसात झिरपतं. वेगळी ठेवली तर हिरव्या वाळूचा बराच भाग पुन्हा वापरता येतो आणि उरलेला पेव्हर ब्लॉक किंवा भरावासाठी, प्रदूषण मंडळाच्या संमतीत बसत असेल तर, देता येतो. ट्रॅक्टरवाल्याला 'कुठंतरी टाक' सांगणं म्हणजे नाल्यात टाक सांगणं. नाल्यात पडलेला भराव पावसाळ्यात पाणी भातात चढवतो. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ट्रिपागणिक पावती घ्या, तिच्यावर जागा लिहून घ्या, आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघा.

उधारी आणि वजन

मोठी कंपनी पैसे थकवते म्हणून आपण कळवळतो. पण आपला पॅटर्न (साच्याचा नमुना) बनवणारा, मशिनिंग करून देणारा, त्याचे पैसे? 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायला हवेत. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. शिवाय करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून असं मुदतीबाहेर थकवलेलं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष भागवाल त्याच वर्षी खर्चात धरता येतं. पुरवठादाराचा उद्यम नोंदणी क्रमांक (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) बिलावर मागून घ्या आणि हिशेबनिसाला मुदत संपण्याआधीच लाल खूण करायला सांगा.

शेतमाल घेणाऱ्यांनी वजनकाट्याकडं बघावं. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचं जे आंदोलन झालं ते भावासाठी होतं, आणि त्याची आठवण या भागात अजून ताजी आहे. काटा शेतकऱ्याला दिसेल असा ठेवा, ओलाव्याची किंवा कचऱ्याची कपात किती आणि का ते आधी लिहून लावा, पावती तिथंच द्या.

पाटी कुठल्या भाषेत

सरकारी नमुने कन्नडमध्ये, यंत्राच्या सूचना इंग्रजीत, मेस्त्री मराठी, भट्टीवरचा माणूस बिहार किंवा ओडिशाचा. अपघात झाला की 'पाटी लावली होती' हे उत्तर पुरत नाही. कन्नड, मराठी आणि हिंदी अशी तीन ओळींची पाटी करा, पण मुख्य काम चित्रानं होऊ द्या. आणि नव्या माणसाला पाटी दाखवून 'काय समजलं ते करून दाखव' म्हणा. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, विशेषतः पहिल्या आठवड्यात.

पैसे कमी असतील तर सुरुवात कुठून

पहिल्या महिन्यात बिनपैशाच्या गोष्टी: अपघाताची वही, सुकं स्क्रॅप, कोरडा झाडू बंद, टेक्याची फट, वाळूचे दोन ढीग, नियुक्तीपत्रं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मास्क, इअरप्लग, एक्स-रे, ओव्हरटाइमचा दर. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि शॉट ब्लास्टिंग मोठा खर्च आहे, तो वर्षाच्या हिशेबात घ्या. बऱ्याच गोष्टी एकट्यानं करायच्याच नाहीत. एकाच वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून छातीच्या तपासणीचा एक दिवस ठरवला तर दर माणशी खर्च उतरतो. अंतर्गत समितीचा बाहेरचा सदस्य, सुरक्षेचं शिक्षण देणारा माणूस, वाळूची वाहतूक, हे सगळं वाटून घेता येतं. वसाहतीतल्या उद्योजक संघटनेच्या सभेत जेवणाच्या बेताइतकाच वेळ याला दिला तरी काम होतं.

आणि ती प्रश्नावली भरताना खोटं लिहू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानं बाजारातल्या पहिल्या 1,000 कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो, म्हणून ही चौकशी आता तुमच्यापर्यंत उतरली आहे आणि ती दरवर्षी येणार. 'अपघात शून्य' हे उत्तर फौंड्रीकडून आलं की अनुभवी तपासणीस आधी तिथंच थांबतो. त्यापेक्षा असं लिहा: 'या वर्षी 11 नोंदी, त्यांतल्या 4 लेडलच्या वाटेवर, वाट 10 मे पर्यंत रुंद करणार.' जे नाही त्यापुढं 'नाही' लिहा, शेजारी तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहा, आणि भरलेल्या प्रश्नावलीची एक प्रत अपघाताच्या वहीत चिकटवून ठेवा.